कोराडीच्या क्वार्टरमधली रेल्वे

सलग चौदा वर्षं एकही अपघात होऊ न देता रेल्वे सांभाळलेला माणूस भारतात एकच, आणि तो म्हणजे माझा थोरला साडू. कारण सोपं होतं. त्यांनी गाडी कधी पेटीबाहेर काढलीच नाही. कोराडीच्या वीज केंद्रात ते हेडक्लार्क होते. तिथे बदलून आल्यावर त्यांच्या चुलतभावाने विलायतेहून विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी आणून दिली. एक इंजिन, चार डबे आणि रूळ. दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी जमिनीवर मांडून बसला असता. साडूंनी पेटीला कुलूप लावलं आणि आलेखाचे कागद आणले. "आधी नकाशा, मंग रूळ," असं म्हणून ते जे कागदावर वाकले, ते वाकलेलेच राहिले.

खिशात रुमाल नसला तरी चालेल, टेप हवाच. कुणाच्याही घरी गेले की माणसं दिसायच्या आधी त्यांना भिंती दिसत. सावनेरला एका नातेवाइकांकडे आम्ही दुखवट्याला गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले, आणि हे माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "हॉल अठरा फुटांचा हाये गा. डबल लाइन बसते." मी त्यांचा टेपवाला खिसा दाबून धरला आणि चेहरा होईल तितका दुःखी केला.

कॉलनीतल्या नवशिक्यांचे ते गुरू होते. कुणी पोरांसाठी गाडी आणली की संध्याकाळी साडू हजर. "पयले साधा लंबगोल टाक. एक स्टेशन, एक बाजूची लाइन, बस. वळण तंग नको, डबे पडतात. आन् हात पोचते तेवढीच रुंदी ठेव." उपदेश इतका सरळ की त्यावर चार घरांत गाड्या पळू लागल्या. साडू मात्र त्यांच्याकडे कीव करून बघत. शेजारच्या केमिस्टने जेवणाच्या टेबलावर लंबगोल मांडून दाखवला, तेव्हा हे गंभीरपणे म्हणाले, "गाडी फिरून तिथंच आली. पॅसेंजरले काय सांगाल?"

त्यांचा स्वतःचा बेत असा किरकोळ नव्हता. बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत मेन लाइन, मधे कन्हान नदीचा पूल, सावनेरचा फाटा, कोळशाचं यार्ड, आणि स्वयंपाकघराच्या दारात फाटक. गाडी जाईपर्यंत ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, चहाचा ट्रे घेऊन पलीकडे थांबायचं. अडचण एकच, ताईंचं कपाट. ते बरोब्बर पुलावर यायचं. बढती झाली, मोठं क्वार्टर मिळालं, नवा नकाशा झाला, आणि कपाट पुन्हा पुलावर. असं तीनदा झालं. ताई एकदा म्हणाल्या, "मी कपाट हलवतो, तुमी गाडी लावा." तर हे म्हणाले, "थांब वं, घाई नको करू." वीज केंद्राच्या राखेचा थर बसायचा तो रोज सकाळी नकाशावरून फुंकत, आणि पेन्सिलीला टोक करत.

आणि असं करता करता रिटायरमेंट आली. क्वार्टर सोडून महाल नावाच्या शहरातल्या जुन्या, दाट वस्तीत मुलाच्या दोन खोल्यांत जायचं होतं. तिथे माणसांनाच एका कुशीवर झोपावं लागे. गाडी इथे धावली तर धावली, नाहीतर कधीच नाही, हे सगळ्यांना कळत होतं. साडूंनी शेवटचे दोन महिने नकाशासुद्धा उघडला नाही. मला ते बघवत नव्हतं.

निघायच्या दिवशी सामान ट्रकवर चढलं. सकाळीच मीटर कापून गेले होते. क्वार्टर ताब्यात देण्याची किल्ली माझ्याकडे होती. पाहतो तर रिकाम्या खोलीत ताई उभ्या, पायाशी ती पेटी. "मी चढवू नाई देली," त्या म्हणाल्या. "आता खोली मोकळी हाये. लावा."

"नकाशा कपाटाखाली दबला," साडू म्हणाले. "आन् लाइट कुठं हाये?"

"न पाहता लावा. चौदा वर्षं काय करून राहिले मंग?"

साडू गुडघ्यांवर बसले. रुळाला रूळ जोडत गेले, आणि पेटी रिकामी झाली तेव्हा जमिनीवर एक साधा लंबगोल झाला होता. पुलाला रूळ नाहीत, फाट्याला नाहीत, यार्डाला तर नाहीतच. या माणसाने चौदा वर्षांत रूळ मोजलेच नव्हते. मी तोंड फिरवून हसू दाबलं. ताईंनी तेवढंही केलं नाही, त्या पदर तोंडाला न लावता खळखळून हसल्या. साडू ओशाळले, मग तेही हसले.

विजेचा प्रश्न ट्रकवाल्याने सोडवला. बॅटरीवरून दोन वायरी खिडकीतून आत घेतल्या, आणि गाडी जी सुटली ती एकदम मेलच्या वेगाने. साडू लंबगोलाच्या मधोमध बसून मान फिरवत राहिले. ताई त्यांच्याशेजारी उघड्या फरशीवर जाऊन टेकल्या.

थोड्या वेळाने ट्रकवाल्याने दारातून विचारलं, "साहब, चलें?"

साडूंना ऐकूच गेलं नाही. ताई म्हणाल्या, "थांबा थोडं भाऊ. आमची गाडी सुरू हाये."

इतकी वर्षं मी या घराची टिंगल करत आलो होतो, त्या दिवशी मला त्यांचा हेवा वाटला. वायर काढायचं काम माझ्यावर होतं. क्वार्टर ताब्यात घ्यायला आलेला माणूस बाहेर घड्याळ बघत होता. माझ्याच्याने ती वायर काढवली नाही.