काकाची केपाची बंदूक

आमच्या काकाला वाटायचं, सरकारला बंदुकीने पळवता येतं. खुळा कुठला! त्याच्याकडे होती एक केपाची बंदूक, तीही रानडुकरांसाठी. नळीत दारू ठासायची, वर छर्रे, मग केप लावायची. दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर डोंगर ओलांडून जायचं. पण तरुणपणी त्याने डिचोलीतून पोर्तुगीज पोलिसांना पळताना पाहिलं होतं. "सरकार धांवता गे बाये," तो मला ऐकवायचा, "हांवें ह्या दोळ्यांनी पळयलां." म्हणजे या डोळ्यांनी पाहिलंय. अरे, ते पळाले पलीकडून भारताचं अख्खं लष्कर आलं म्हणून, तुझ्यासारख्या डुकरं मारणाऱ्याला भिऊन नव्हे! मी शाळेत मास्तरीण, मला असलं ऐकवत नसे. चारचौघांत मी त्याचं हसं करायची आणि मला ते आवडायचं.

गोवा राज्य झालं त्या वर्षी खाणीचा रस्ता काकाच्या काजूच्या बागेतून न्यायचं ठरलं. त्या बागेशिवाय काकाला काही नव्हतं. बायको नाही, मूल नाही. कोकणी की मराठी यावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेला गाव बागेच्या बाबतीत मात्र गपगार! "गावात नऊ बंदुका आहेत, नऊ! कोण येतो बघू," असं काका घरोघर जाऊन सांगत होता. बंदूकवाले सगळे हो हो म्हणाले. मग बंदुका जमा करायची नोटीस आली, तेव्हा बाकीच्या आठ जणांनी त्या पुसल्या, नळीला तेल लावलं आणि पोलीस ठाण्यात देऊन पावत्या घेऊन आले.

काका एकटा उरला. एका सकाळी झाडं पाडायचं यंत्र आलं, मागून जाळीच्या गाडीतून बाहेरगावचे पोलीस उतरले, रायफली घेऊन. अख्खा गाव बांधावर उभा. काका बागेच्या तोंडाशी बंदूक रोखून राहिला. खोटं कशाला सांगू, आता हा मरतो, असंच वाटलं.

पुढे आला तो आमच्याच तालुक्यातला हवालदार, पोट सुटलेला. हातात काठीसुद्धा नाही. दर साली विचारायचा तसं त्याने विचारलं, "लायसन आसा मरे?"

लायसन! ते काकाने आयुष्यभर वरच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून बाळगलं होतं. मुदत वाढवायला गेला की साहेबासमोर टोपी काढून उभा राहायचा. आता दोन्ही हात बंदुकीला, मग गाठ सोडायची कशी? त्याने बंदूक हवालदाराच्या हातात दिली. "मात्शें धर," म्हणाला आणि गाठ सोडायला लागला.

पोलीस हसले, गाव हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. हवालदाराने केप काढून फेकली, लायसन उलटसुलट वाचलं. मुदतीतलं होतं. तेही त्याने ठेवून घेतलं. काकाला अटक करायची तसदीसुद्धा कोणी घेतली नाही, त्याला नुसतं बाजूला बसवलं. संध्याकाळपर्यंत बाग आडवी झाली, बोंडू लगडलेल्या झाडांसकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आमच्याकडे जेवायला आला. माशाच्या हुमणात भात कालवत बसला होता, घास काही उचलत नव्हता. मग म्हणाला, "बाये, मी बार काढला असता तर काम थांबलं असतं गे?"

"थांबलं असतं की," मी म्हटलं. "तासभर. तुझं मढं उचलेपर्यंत."

चिडला असता, ताट भिरकावलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्याने मान खाली घालून थोडा विचार केला.

"तास म्हणजे तास," तो म्हणाला. "तेवढा तरी मिळाला असता बागेला."