दुपट्ट्याखालची तीन बोटं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही — आणि ती तर त्या दुपारी तिथेच, दहा हातांवर, ओटा सारवत होती. तिने दुपट्टा पाहिला. खाली काय ठरलं ते तिला दिसलं नाही. ते कुणालाच दिसत नाही, म्हणून तर दुपट्टा असतो.

मी बैलांचा दलाल. कारंज्याच्या बाजारात तुम्ही कधी उभे राहिला असाल तर पाहिलं असेल — घेणारा आणि दलाल हातावर दुपट्टा टाकतात, त्याखाली बोटं धरतात, आणि तोंडाने हवापाण्याचं बोलत राहतात. किती बोटं दाबली ते दोघांनाच ठाऊक. नंतर त्याविषयी बाहेर बोलायचं नाही, आणि दिलेलं बोट परत घ्यायचं नाही. एवढे दोनच नियम. मला आईबाप नव्हते, जमीन नव्हती. लोकांची गुरं वळून मी मोठा झालो. या दोन नियमांवर घर बांधलं. इंझोरीपासून कामरगावापर्यंत कुणालाही विचारा, किसना दलालाने दिलेलं बोट फिरवलं असं एकही माणूस म्हणणार नाही.

म्हणू शकली असती अशी एकच होती. ती म्हणाली नाही.

आमच्या गावात तेव्हा एक मड्डम राहत होती. एलनबाई. आगबोटीने तीन आठवडे लागतात इतक्या लांबची. पाटलाच्या रिकाम्या कापूसकोठ्यात तिने शाळा काढली होती आणि मागच्या खोलीत एकटी राहायची. एक शेळी, एक पत्र्याची पेटी. ज्वारीची भाकर तिला थापता येत नसे, जाड जाड रोटे करून खायची. उन्हाने नाक सोललेलं. वस्तीवस्तीवर पायी फिरून पोरी मागायची — हो, मागायचीच, जशी आपण सून मागतो तशी. बोलायची पुस्तकातलं मराठी, आणि मध्येच ‘का’ऐवजी आमचं ‘काहून’ घालायची. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

तिच्या शाळेत मुलं-मुली एका रांगेत. उत्तर बरोबर आलं की वर चढायचं, चुकलं की खाली उतरायचं. आता पोरगी वर चढली की दोन पोरांच्या मध्ये येणारच ना? पाटील म्हणाले, मध्ये पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांचा तट्टा आडवा घाला. बाई ऐकेना. मी एकदा मुद्दाम विचारलं, एवढ्याशा तट्ट्यासाठी कशाला भांडता? तेव्हा तिने सांगितलं की तिच्या गावच्या शाळेला दोन दारं होती. दगडात कोरलेलं — एकावर मुलगे, दुसऱ्यावर मुली. ती आणि तिचा भाऊ घरून हात धरून यायचे, दारापाशी हात सोडायचे. आत तो भूमिती शिकला, ती सदऱ्याला गुंड्यांची काजं करायला शिकली. “तट्टा घातला की दोन बाजू होतात, किसनाजी,” ती म्हणाली. “मास्तर मात्र एकाच बाजूला उभा राहतो.”

मला किसनाजी म्हणणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. हेही लिहायला हवं.

माझी पोर कौशी तिच्याकडे जायची. नऊ-दहा वर्षांची. तिची दुसरी झाली आणि शिरपूरहून सोयरीक आली. मी म्हटलं, बस झाली शाळा. तर बाई दुपारच्या उन्हात दारात. चार वर्षं द्या, म्हणाली. मी तिला मास्तरीण करून दाखवते. मी हसलो. बोललो असेन काहीतरी वाकडं — माझं तोंड आजही तसंच आहे. ती म्हणाली, “तुमच्या पद्धतीने करू मग.” आणि हात पुढे केला.

मी गमतीनेच दुपट्टा टाकला. खरंच गमतीने. बाईमाणसाचा हात बाजारात मी कधी धरला नव्हता. खडूने कोरडा पडलेला, सरपण फोडून घट्टे आलेला हात. तिने चार बोटं दाबली. मी एक. तिने पुन्हा चार. मी दोन. ती सोडेना. बाजारात जो आधी हात ओढतो तो हरतो — हे तिला कुणी शिकवलं होतं? बायको सारवता सारवता थांबली. माझा घाम दुपट्ट्याला लागला. शेवटी मी तीन दाबली.

“झालं,” मी म्हटलं. “पन हे बाहेर बोलाचं नसते, बाई.”

“नाही बोलणार.”

कौशीची तीन वर्षं. मी दिली होती. बाई दारातून गेल्यावर मला समजलं की आयुष्यात पहिल्यांदा मी सौदा हरलो, तोही एका बाईकडून. हे मला खुपलं. किती खुपलं ते मला तेव्हा कळलं नाही.

मग तीन महिन्यांत कौशी रांगेत सगळ्यांच्या वर चढली. तिच्या खालच्या जागेवर पाटलांचा पुतण्या. गाव पेटलं. चावडीवर बैठक बसली. सगळे एकच म्हणत होते, आमच्या पोरी आम्ही पाठवल्याच नाहीत, ही ओढून नेते. एका बापाने जरी ‘मी राजीखुशीने पाठवली’ म्हटलं असतं तरी शाळा राहिली असती. पाटील तसं बोलले होते, चारचौघांत. बाई पायरीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, इतका तिचा भरवसा होता.

आणि मी? मी कुठे होतो माहीत आहे? वहाणांपाशी. त्या चावडीत मी कधीच जाजमावर बसलो नव्हतो. पाटलांचे बैल मीच निवडून देत होतो, अर्ध्या गावाला मी उसनं बियाणं पुरवत होतो, तरी माझी जागा वहाणांपाशी. तो सल मी वर्षानुवर्षं जपला होता. पाटलाला तो बरोबर दिसत होता. तोही दलालच, फक्त वेगळ्या मालाचा.

“किसना, तिथं कायले उभा राह्यला? ये, वर बस.”

मी बसलो. जाजम मऊ नव्हतं. तरी मी बसलो.

“तुही पोरगी पोराइच्या रांगेत बसते. तुले पसंत हाय काय?”

मी म्हणालो, “मले कोनी इचारलंच नाई. हे बाई पोरीले फूस लावून नेते.”

तेव्हा तिने वळून पाहिलं. तोंड उघडलं. ती सांगणार होती — मला दिसलं. आणि मग मी जे केलं ते खोट्याहून वाईट होतं. खांद्यावरचा दुपट्टा काढला, मांडीवरच्या हातावर सावकाश पसरला. कुणाला काय कळणार? माणूस दुपट्टा सारखा करतो आहे, एवढंच. पण तिला कळलं. बाहेर बोलायचं नाही, हा नियम. आणि बोललीस तर चावडीत सांगावं लागेल की परक्या पुरुषाच्या हातात हात दिला होता — मग शाळा तर सोड, तुला या गावातून चालत जाऊ देतील का? हे सगळं मी तिला एका कापडाने सांगितलं. माझ्या सगळ्या हुशारीचा एवढा एकच उपयोग मला त्या दिवशी सुचला.

तिने तोंड मिटलं. उजवा हात मागे घेतला, पाठीशी. नियम तिने पाळला. मी नाही.

पाटलांनी कोठा परत घेतला. बाई जाणार त्या दिवशी मी कौशीला मुद्दाम कामरगावला आत्याकडे पाठवलं. ती परतली तर कोठ्यात कापूस भरलेला. दोन दिवस ती जेवली नाही. मग विचारलं, “बाबा, बाई मले न सांगता काहून गेली?”

तिथे तरी सांगता आलं असतं ना? एक वाक्य होतं.

मी म्हणालो, “तिले तिच्या देशाची ओढ. तुही काय पर्वा तिले?”

उन्हाळ्यात कौशीचं लग्न झालं. तिची पाटी माझ्याकडे राहिली. तिच्यावर गिरवून मी अक्षर शिकलो, म्हणून हे लिहिता येतं. पुढच्या बैठकीला मी चावडीत गेलो, जाजमाकडे वळलो, तर पाटलांचा माणूस म्हणाला, “किसना, तिकडं सरक.” त्याचा राग मला अजून येतो. पाहा ना — इतकं सगळं होऊनही मला राग कशाचा येतो.

आता कौशीची वेणू आठ वर्षांची आहे. शिरपूरला मुलींची वेगळी शाळा निघाली आहे. ना रांगेचं भांडण, ना तट्ट्याचं. परवा मी तिच्या घरी होतो तेव्हा तिथली मास्तरीण वेणूला मागायला आली होती. कौशीने तिला पाणीही विचारलं नाही.

“माही पोर नाई येत शाळेत,” ती म्हणाली. “तुमी लोक जीव लावता, अन् मंग पाठ दावता. मले सारं माईत हाय.” मग माझ्याकडे वळली. “बाबा, तुमीच सांगा यायले. खरं हाय का नाई?”

वेणू दाराची कडी धरून उभी होती. मास्तरीण थांबून राहिली. माझा हात मांडीवर होता, दुपट्ट्याखाली.

मी म्हणालो, “खरं हाय.”