वंशावळीत न मावलेले बाप

झुआंगवान गावातल्या नऊ माणसांचे बाप मी तीन दिवसांत बदलून टाकले. मुद्दाम नाही, आळसापोटी.

तालुक्याच्या आरोग्य केंद्रात लागून मला तेव्हा चार महिने झाले होते. जिल्ह्याच्या रुग्णालयाने एक काम काढलं होतं. ज्यांना रक्तदाब आहे, त्यांच्यातल्या कोणाला अर्धांगवायूचा धोका आईबापांकडूनच, जीनमधून मिळालाय, ते शोधायचं. सगळ्यांची जीन तपासायला संच पुरत नव्हते. म्हणून आधी फॉर्म भरायचे: बाप कोण, कशाने गेला, कितव्या वर्षी. ज्याच्या बापाला साठीच्या आत झटका आला, त्याचं रक्त पहिल्यांदा घ्यायचं.

दोनशे बारा फॉर्म. घरोघरी बसून म्हाताऱ्यांच्या दुखण्यांच्या गोष्टी ऐकायच्या तर महिना गेला असता. पण गावच्या पूर्वजांच्या देवळात झुआंग कुळाची नवी छापलेली वंशावळ होती. लाल बांधणी, गुळगुळीत कागद, सगळ्यांचे बाप जन्ममृत्यूच्या सालांसकट ओळीने उभे. कोण कशाने गेला ते देवळाची किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं. मी उतरवून काढलं. जिल्ह्याच्या बैठकीत माझ्या अक्षराचं कौतुकही झालं.

ते कौतुक शू फंगलान यांच्या टेबलापर्यंत टिकलं. शू काकू म्हणजे झुआंगवानच्या गाव-डॉक्टर. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन गावात आल्या, सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेतलं, आणि तेव्हापासून बेचाळीस वर्षं तीच एक खोली, तीच औषधांची पेटी. त्यांनी चष्मा वर सारून यादी वाचली.

"धाकट्या दिंग, हे कुठून आणलंस?"

"वंशावळीतून."

"वंशावळीत कोण कोणाच्या घरी वाढला ते लिहितात रे बाबा. जन्माला कोणी घातला ते नाही. नऊ जणांचे बाप चुकलेत. बाकी अक्षर छान आहे हं."

माझ्या लक्षात यायला हवं होतं, मीही ह्याच भागातला. ज्या भावाला मुलगा नाही त्याला दुसऱ्या भावाने आपला द्यायचा, ही इथली जुनी रीत. दिला की दिला. वंशावळीत तो त्या घरचा होतो आणि पुढे त्याबद्दल कोणी तोंडातून अवाक्षर काढत नाही.

शू काकूंच्या खणात एक जाडजूड वही होती. गावात झटका येऊन कोण, कितव्या वर्षी, कुठे पडला. कोण उठला, कोण नाही. चाळीस वर्षांत त्यांनी शिसपेन्सिलीने माणसामाणसांत रेघा ओढल्या होत्या, आणि त्या वंशावळीतल्या रेघांपेक्षा वेगळ्याच घरांत जात होत्या. जीन हा शब्द त्यांनी तेव्हा ऐकलाही नव्हता. मी नऊ वर्षं शाळेत आणि तीन वर्षं तालुक्याच्या विद्यालयात घालवून जे शिकलो नाही, ते ह्या बाई घरोघरी नाडी बघत शिकल्या.

नऊ जणांत सगळ्यात कठीण शौरन. वय बावन्न, लसणाचा व्यापार, वरचा दाब एकशे अठ्ठ्याहत्तर, आणि गोळीचं नाव काढलं की हसू. माझ्या फॉर्मात त्याचा बाप एक्क्याण्णवाव्या वर्षी म्हातारपणाने गेला होता.

"वहिनी, बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशीसुद्धा लसूण सोलत होते," तो शू काकूंना म्हणाला.

"तुझा दाब बघितलास का?"

"त्यांचाही असेल एवढाच. कोणी मोजला नाही म्हणून जगले."

खरा जन्मदाता त्याचा तिसरा काका. एकोणपन्नासाव्या वर्षी शेतात पडला तो उठलाच नाही. त्याचा थोरला मुलगा गेल्या हिवाळ्यात पडला, आता अंथरुणाला खिळलाय, बोलता येत नाही. दर आठवड्याला शौरन जाऊन त्याची दाढी करायचा. चुलतभाऊ म्हणून. गावाला ठाऊक, शौरनला ठाऊक, आणि सगळे गप्प.

"काकू, आपण गुपचूप काकाचं नाव लिहून टाकू," मी म्हणालो.

"तू लिहिशील रे. तो हात पुढे करील का? आणि पुढची वीस वर्षं गोळी कोण गिळणार, तुझा फॉर्म?"

मग त्या शौरनकडे गेल्याच नाहीत. त्याच्या आईकडे गेल्या. वय शहाऐंशी, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. आम्ही गेलो तेव्हा म्हातारी तव्यावर पातळ भाकऱ्या टाकत होती. शू काकू चुलीपाशी बसल्या आणि अर्धा तास नुसत्या काटक्या सारत राहिल्या. मी दारात उभा, पेटी धरून.

"काकी, एक विचारायचंय. नाही म्हणालात तर उठून जाईन. पुन्हा कधी हा विषय काढणार नाही."

"तू अर्धा तास माझी चूल सांभाळलीस तेव्हाच ओळखलं मी. बोल."

शू काकूंनी सगळं सांगितलं. आवाज न चढवता, न लपवता. तिचा धाकटा दीर शेतात पडला होता, मग त्याचा थोरला मुलगा पडला, आता शौरनचा दाब.

म्हातारीने भाकरी उलटली. "चाळीस दिवसांचा होता. मी दुलईत गुंडाळून आणला. बावन्न वर्षांत माझ्या दारात हे कोणी बोललं नाही."

"हो."

"आणि तू बोललीस."

"हो, काकी."

"बरं केलंस असं मी म्हणणार नाही."

तेवढ्यात तीनचाकी लावून शौरन जेवायला आत आला. आम्हाला बघून थबकला.

"उद्या हिच्याकडे जाऊन रक्त दे," म्हातारी म्हणाली.

"आई, बाबा एक्क्याण्णव वर्षं..."

"त्यांनी तुला वाढवलं. रक्त त्यांचं नाही. फॉर्मात तुझ्या तिसऱ्या काकाचं नाव घाल. वंशावळीत ह्यांचंच राहील, कोणी खोडतंय का ते बघायला मी आहे अजून. माझ्या लाजेपायी तू शेतात पडायचा नाहीस."

शौरन चुलीपाशी उकिडवा बसला.

"आई, भाकरी करपतेय," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो दवाखान्याच्या पायरीवर होता, उपाशीपोटी, बाही आधीच वर केलेली.

तपासणीत ती धोक्याची जीन दुहेरी निघाली, एक जन्मदात्या बापाकडून आणि एक जन्मदात्या आईकडून. मी कागद वाचून दाखवताना अडखळलो. शू काकूंनी तो माझ्या हातातून घेतला.

"हे बघ शौरन, जीन काही मला बदलता येत नाही. दाब बदलता येतो. ही पांढरी दाबाची, ही पिवळी फोलिक अ‍ॅसिडची, ह्या जीनमुळे अंगाला ते कमी पडतं. रोज सकाळी, चूळ भरायच्या आधी. जवळ्याची चटणी बंद."

"चटणी पण?"

"चटणी पहिली."

उरलेल्या आठ घरांतही त्या स्वतः गेल्या, दर वेळी आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे. दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या. एकाने पेटीच अंगणात भिरकावली. ती मी उचलून आणली, कारण आळसाची शिक्षा म्हणून पेटी उचलायचं काम माझ्याकडे होतं. सात जणांनी रक्त दिलं. आठव्याकडे त्या अजून जातात. मला वाटतं तो कंटाळून तरी देईल. काकू कंटाळणार नाहीत, हे तो सोडून सगळ्या गावाला ठाऊक आहे.

शौरन आता चोपन्नचा आहे. दाब एकशे चौतीस. शनिवारी भावाची दाढी करतो आणि गावासमोर त्याला 'दादा' म्हणतो. पूर्वी चुलतभाऊ म्हणून नावापुढे 'थोरला' लावायचा; नुसतं 'दादा' आमच्याकडे सख्ख्या भावालाच.

गेल्या महिन्यात तो माझ्या टेबलावर एक वेताची टोपली ठेवून गेला. वीस खारवलेली बदकाची अंडी.

"घरात राहिली तर मी खाईन. तू खा. तुला अजून कोणी बंद केलेली नाहीत."

अंडी मी आठवडाभरात संपवली. आमच्याकडे टोपली रिकामी परत करत नाहीत, आणि तिथेच सगळं अडलंय. खारट चालत नाही, सिगारेट काकूंनी बंद केली, दारूचं तर नावच नको. फळं न्यावीत तर त्याच्या परसात माझ्यापेक्षा जास्त.

टोपली खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेली आहे. शू काकू दर सोमवारी औषधं न्यायला येतात आणि आधी तिकडेच बघतात.

"अजून इथेच?"

"जाईल हो, काकू."