पुसलेली ओल

आमच्या सासूबाईंचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांनी विस्कटलेल्या खोल्या आवरण्यात गेलं. एका मोठ्या हॉटेलात त्या साफसफाईच्या कामाला होत्या. पाहुणा निघून गेला की खोलीत त्याचा मागमूस राहता कामा नये. चादरीला सुरकुती नाही, आरशावर बोट नाही, बेसिनमध्ये केस नाही. मग सुपरवायझर तपासायला यायची, दाराच्या चौकटीवरून पांढरा रुमाल फिरवायची, आणि रुमाल मळला की सगळी खोली पहिल्यापासून. सासूबाईंच्या खोलीत तो रुमाल कधी मळला नाही. सोबतच्या बायका त्यांना ‘इस्त्री’ म्हणायच्या. निवृत्त झाल्या, पण इस्त्री काही थंड झाली नाही. आमच्याकडे आल्या की माझा चहा संपायच्या आत कप धुऊन पालथा घातलेला असतो. कौतुक म्हणून सांगत नाहीये. वैताग येतो.

त्यात सासरे पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून चालतील, पण पायाखालची जमीन सपाट हवी आणि जिना अजिबात नको. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या नावाने बोंब. सासू-सासऱ्यांच्या तळमजल्यावरच्या घरात मात्र मागची खोली होती, लगत बाथरूम होतं. तिथेच सासऱ्यांना न्यायचं ठरलं. ते जमलं नाही तर शुश्रूषा केंद्र. केंद्राचं नाव काढलं की सासरे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

आणि नेमका तेव्हाच त्या बाथरूमच्या भिंतीतला पाइप फुटला. सासूबाई दिवसभर हॉस्पिटलमध्ये. संध्याकाळी परतल्या तर मागच्या खोलीत घोट्याएवढं पाणी. लाकडी फळ्यांची जमीन फुगली, गादी भिजून चिंब, कपाटाचं बूड सुटलेलं. प्लंबरने पाइप जोडून दिला. नवऱ्याने विमा कंपनीला फोन केला. घराचा विमा होता, तेवढं एक बरं. जमीन नव्याने घालायची आमची ऐपत नव्हती, तेव्हा क्लेम मंजूर झाला तरच सासरे घरी येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याने आईला निरोप दिला, “आई, कंपनीचा माणूस तपासायला येणार आहे,” आणि स्वारी कामावर निघून गेली. त्या अर्धवट निरोपासाठी मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

कारण तपासायला कोणी येणार म्हटल्यावर इस्त्री स्वस्थ बसते होय?

कंपनीचा सर्व्हेअर यायच्या दिवशी मी रजा टाकून गेले. दार उघडताच फिनेलचा भपकारा आला. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि कपाळावर हात मारला. भिंतीचे पोपडे खरवडून त्यावर पांढरा रंग मारलेला. गादी भंगारवाल्याकडे रवाना. कपाट मागच्या अंगणात, ताडपत्रीखाली. फुगलेल्या फळ्यांवर बाहेरच्या खोलीतला गालिचा, आणि जिथे जास्तच उंचवटा होता तिथे नेमका सोफा. खिडकीच्या काचा लख्ख. सासूबाई स्वतः कडक इस्त्रीचे कपडे घालून दारात उभ्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“आई, हे काय करून ठेवलंत?”

“काय म्हणजे? माणूस बघायला येणार ना?”

“नुकसान बघायला येणार!”

“म्हणून घाण दाखवायची त्याला? परक्या माणसाला?”

एवढ्यात बेल वाजलीच.

सर्व्हेअर म्हणजे खांद्याला बॅग, गळ्यात कॅमेरा आणि चेहऱ्यावर सकाळपासूनची दहा घरं घेऊन फिरणारा माणूस. त्याने खोलीभर नजर फिरवली. कॅमेरा उचलला, परत खाली ठेवला.

“पाणी भरलं होतं तेव्हाचे फोटो आहेत का?”

“पाणी उपसू की फोटो काढू?” सासूबाई म्हणाल्या. त्यांचंही खरंच होतं.

“काकू, माझ्या बायकोला आणून दाखवावं असं घर ठेवलंय तुम्ही. पण मी लिहू काय?” तो बिचारा खरंच पेचात पडला होता. “जे उरलंय ते बाहेर काढा. गालिचा काढा, रंग खरवडा, सगळं उघडं ठेवा. हातासरशी तुम्हीही फोटो काढून ठेवा. पुढच्या आठवड्यात परत येतो. पण तेव्हाही असंच असलं, तर ‘नुकसान आढळलं नाही’ एवढंच लिहावं लागेल मला.”

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “माणूस चांगला होता. नाव नाही ठेवलं कशाला.”

माझा तोल सुटला. “बाबांना केंद्रात धाडायचंय का तुम्हाला?” त्या जाऊन सोफ्याचं एक टोक धरून उभ्या राहिल्या.

घर आवरताना माणूस थकतो हे माहीत होतं. आवरलेलं घर परत बिघडवताना त्याहून जास्त थकतो, हे त्या दिवशी कळलं. गालिचा गुंडाळला, तर खालच्या फळ्या काळ्या पडलेल्या आणि पाय दिला की पचपच वाजत होत्या. कपाट ओढत आत आणलं. भंगारवाल्याकडे जाऊन गादी परत मागितली. तो म्हणाला, “ताई, गाद्या टाकणारे रोज बघतो, परत न्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच.” हसायचंही त्राण नव्हतं. मी त्यांनी मारलेला रंग पत्र्याने खरवडत होते आणि त्या मागे उभ्या राहून, माझ्याच अंगावरून खरवडतेय असं तोंड करून बघत होत्या.

फोटो काढायला लागले, तर दर फोटोत एक हात. हातात फडकं.

“आई, हात काढा.”

“कडेची धूळ तेवढी.”

“धूळ राहू द्या!”

“फोटोत दिसेल ना ती.”

मी हात टेकले. शेवटी फडकं माझ्या पिशवीत घालून घरी घेऊन आले. जणू त्यांच्याकडे दुसरं फडकंच नव्हतं.

पुढचा आठवडा फोनवर गेला. “अगं, कोपऱ्यात बुरशी आलीय. नुसतं पुसून घेऊ?” नाही. “वास येतोय, थोडं फिनेल?” नाही. “शेजारीण डोकावून गेली, काय म्हणत असेल?” म्हणू दे. दर फोनला आवाज आणखी बारीक होत गेला. शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं. मला तर खात्रीच झाली की गुपचूप पुसून मोकळ्या झाल्या असणार.

सर्व्हेअर दुसऱ्यांदा आला तेव्हा मीही गेले, मनात धाकधूक घेऊन. खोली तशीच होती. काळ्या फळ्या, भिंतीवर हिरवट डाग, उभी करून ठेवलेली डागाळलेली गादी, आणि डोकं उठवणारा कुबट वास. सासूबाईंनी कशालाही हात लावला नव्हता. पण त्या खोलीच्या दारात आडव्या उभ्या होत्या आणि बाजूलाच होईनात.

“आई, त्यांना आत जाऊ द्या.”

त्यांनी सर्व्हेअरकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. सासऱ्यांच्या ऑपरेशनलाही न रडलेली बाई ती.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “असं नसतं हो माझं घर.”

तो बूट काढायला वाकला होता. तसाच मान वर करून म्हणाला, “माहीत आहे, काकू. मागच्या वेळी बघून गेलोय ना मी.”

मग त्या बाजूला झाल्या.

त्याने सावकाश सगळं पाहिलं, फोटो काढले, टाचेने दाबून फळ्या तपासल्या. “जमीन पूर्ण बदलावी लागणार, तसंच लिहितो,” तो म्हणाला. “क्लेम अडायला नको आता.” माझा जीव भांड्यात पडला. कधी एकदा नवऱ्याला फोन करून हॉस्पिटलमध्ये कळवायला सांगते असं झालं मला.

सासूबाई मात्र त्यातलं काही ऐकत नसाव्यात. त्या कॅमेऱ्याकडे बघत होत्या. त्याने तो बॅगेत ठेवून चेन ओढली, तशा पुढे आल्या.

“झालं तुमचं?”

“झालं.”

“मग आता पुसू?”

“पुसा, काकू,” तो म्हणाला.

त्यांनी माझ्यासमोर हात पुढे केला. मी पिशवीतून त्यांचं फडकं काढून दिलं.