उकंडराव शिंप्याची सात बेटं

केनवडच्या उकंडराव शिंप्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता. गावात दुसऱ्या कोणीही पाहिला नव्हता, म्हणून त्याचा समुद्र सगळ्यांना पटायचा. ओसरीवर तो अस्तराचं निळं कापड अंथरायचा. त्यावर चिंध्यांची सात बेटं शिवलेली होती. खेळणाऱ्यानं आपल्या सदऱ्याचं एक बटण मांडायचं. ते बटण म्हणजे तो स्वतः. कवड्या टाकायच्या, दान पडेल त्या बेटाला लागायचं. मग उकंडराव मशीनवरून वळून विचारायचा, "आता तू काय करतं?"

पोथ्या ऐकून ऐकून त्यानं बेटांसाठी पुराण गोळा केलं होतं. समुद्रातून वर येणारा डोंगर, तोंडात शिरून आल्याशिवाय वाट न देणारी नागांची आई, वरून जाणाऱ्याची सावली पाण्यात धरून त्याला खाली ओढणारी राक्षसीण. ज्याला जे सुचेल ते त्यानं करायचं. मी तिथं दहा वर्षं शाळामास्तर होतो. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, तरी सुट्टीच्या दुपारी मी त्याच ओसरीवर. पाचव्या, म्हणजे सावल्यांच्या बेटावर माझं बटण गेलं की मी हळूच आपली सावली जागेवर आहे का बघायचो. हसा खुशाल.

एक नियम मात्र त्याच्या बापापासूनचा होता. डोंगराचा, नागाचा, राक्षसाचा आवाज काढावा, गावातल्या माणसाचा काढू नये. "जित्याचा नाई न् मेल्याचाई नाई," तो बजावायचा. काहून, असं कोणी विचारलं की मशीन जोरात चालवायचा.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात, मी ओसरीवर बसलो असताना, कस्तुराबाई चोळी शिवायला टाकायला आली. तिचा नवरा इंद्रभान माझा शेजारी. पाच वर्षांपूर्वी तो रिसोडच्या एसटीत बसला तो परतलाच नाही. आता तिच्या भावानं, बबनरावानं, किन्हीराजाच्या एका भल्या विधुराशी तिचा पाट ठरवला होता. चोळीचं कापड त्यासाठीच होतं. परवा पाहुणे यायचे होते आणि ही बाई हो म्हणेना, नाही म्हणेना.

तिनं पदराची गाठ सोडून एक बटण पटावर ठेवलं. "त्याईच्या सदऱ्याचं हाये," ती म्हणाली.

कवड्या पडल्या. पाच.

"सावल्याईचं बेट," उकंडराव म्हणाला. "आता तुमी काय करता, बाई?"

"त्याईले इचाराचं हाये. मी थांबू का जाऊ?"

उकंडरावाला तिची कणव आली. नवऱ्यानंच जा म्हटलं की सुटेल बिचारी, असं त्याच्या मनात आलं. त्यानं मान खाली घातली आणि इंद्रभानच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "जाय कस्तुरे. माही वाट नोको पाहू."

एवढंच त्यानं योजलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं. पण तोंड मिटलं नाही. "पन दाराची कडी लावू नोको," तोच आवाज पुढे म्हणाला.

उकंडरावानं दोन्ही हात तोंडावर दाबले. कस्तुराबाई आधी पांढरीफटक पडली, मग तिचा चेहरा उजळत गेला. "बाहीर जातानी रोज असंच म्हनत," ती म्हणाली. "हे म्या कोनालेच सांगतलं नाई."

तिनं पाट मोडला. बबनराव ओसरीवर येऊन उकंडरावाला नको नको ते बोलून गेला. उकंडरावानं पट गुंडाळला आणि बोलणंच टाकलं. गिऱ्हाइकाशी नुसत्या खाणाखुणा. महिना झाला तशी मला चीड आली. "कुठंतरी ऐकलं असेल तुम्ही ते वाक्य," मी त्याला म्हणालो. "तिला सांगा, सगळं खोटं होतं म्हणून. एका बाईचा जन्म वाया चाललाय!" तो नाही नाही अशी मान हलवत राहिला. शेवटी मीच त्याला दंडाला धरून तिच्याकडे नेलं. शहाणपणा नडतो तो असा.

भर दुपार होती. दार उघडंच होतं आणि कस्तुराबाई आत ज्वारी निवडत बसली होती. उकंडराव उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"सांगा," मी म्हणालो.

त्यानं तोंड उघडलं. "थे सारं खोटं होतं, बाई."

आवाज इंद्रभानचा होता.

कस्तुराबाईनं सूप बाजूला सारलं, डोक्यावरून पदर घेतला आणि त्याला पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली.