बुरुलवहिनीने मेंढी कापून कॉलेज निवडलं

माझी वहिनी बुरुल आमच्या नारीन नदीकाठच्या दवाखान्यात एकोणीस वर्षं स्वयंपाक करते. डॉक्टरांना जेवू घालून घालून तिची समजूत झालीय, की डॉक्टरकीतलं आपल्याला सगळं कळतं.

तिच्या लेकीला, आयझिरेकला, दोन मेडिकल कॉलेजांत जागा मिळाली. एक राजधानीतलं, एक दक्षिणेकडचं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. पोरगी माहितीपत्रकं पसरून बसली, तर वहिनीने त्यांवर गरम किटली ठेवली.

"हे वाचून काय कळणार? मेंढी कापू. दोन्हीकडचा एकेक डॉक्टर जेवायला बोलवू. ज्याला ताटातलं हाड सोडवता येत नाही, तो माणसाचं काय करणार?"

"वहिनी, डोकं फिरलंय तुझं," मी म्हटलं.

"नणंदबाई, कांदे चिरा."

रविवारी दोघं आले. राजधानीत शिकलेले सातिबाल्दी, आमचे मोठे सर्जन. दक्षिणेत शिकलेली दिलफुझा, महिन्यापूर्वीच इथे लागलेली.

मेंढीचं उकडलेलं मुंडकं मानाने सातिबाल्दींपुढे गेलं; मोठ्या पाहुण्याने ते कापून सगळ्यांना वाटायचं, अशी आमची रीत. काय हात हो माणसाचा. कान पोरीला, डोळा मला, गालाचं मांस माझ्या म्हाताऱ्या वडिलांना, कुठे हिसका नाही की फाटणं नाही. वहिनीने मला डोळा मारला. ठरलं, राजधानी.

दिलफुझा मात्र खिडकीतून अंगणात बघत होती. एकदम उठली, बाहेर गेली आणि आमच्या कुत्र्याच्या तोंडची कलेजी काठीने ओढून चुलीत टाकली. पाण्याचे फोड आलेली कलेजी होती, आम्ही तसली कुत्र्यालाच घालतो.

वहिनी तापली. "पाहुणी असलीस तरी गप्प बसणार नाही मी. मुक्या जनावराचा घास काढतेस?"

"ताई, असली कलेजी किती वर्षं घालताय त्याला?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून."

"त्या फोडांतला किडा कुत्र्यातून माणसात येतो. तुमच्या उजव्या बरगडीखाली कधीपासून दुखतंय?"

वहिनीचा हात बरगडीशी गेला. तिने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही, याचा मला अजून राग आहे.

"ताटं मांडताना तीनदा हात दाबलात तिथे," दिलफुझा म्हणाली.

सोमवारी सकाळी सोनोग्राफी झाली. यकृतात संत्र्याएवढा फोड. ऑपरेशन अर्थात सातिबाल्दीच करणार, तसा हात दुसऱ्या कुणाचा नाही. ते खाटेशी आले तेव्हा आयझिरेक तिथेच मोबाईल घेऊन उभी होती.

"डॉक्टर," वहिनी म्हणाली, "एकोणीस वर्षं माझ्या हातचं सूप पिताय. एकदा तरी विचारायचं."

"तुम्ही कधी सांगितलंच नाही, बुरुलताई."

"त्या दिलफुझालाही नव्हतं सांगितलं."

सातिबाल्दी चष्मा पुसत राहिले. वहिनी लेकीकडे वळली. "दक्षिणेचं कळवून टाक. आणि डॉक्टर, तुम्ही मला कालच्या मुंडक्यासारखं नीट कापा."