तिकीट काढून माहेरी

माझं माहेर लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे आता माझा धाकटा भाऊ आणि वहिनी राहतात. यंदा उन्हाळ्यात माझ्या मुलीने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. शहरातल्या जुन्या वस्त्या पायी हिंडवून दाखवणारी कुठलीशी कंपनी आहे. रविवारी सकाळी ते लोकांना गिरणगावात फिरवतात आणि शेवटी चाळीतल्या एका घरात नेऊन मालवणी स्वयंपाक शिकवतात, जेवूही घालतात. व्हिडिओत नऊवारी नेसलेली एक बाई पाट्यावर वाटप वाटत होती. मुलगी म्हणाली, "आई, ही मामी ना?" मामीच होती. लग्नात नऊवारी नेसायला लावली म्हणून रुसून बसलेली बाई ती. आणि तो पाटा, जो मिक्सर आला त्या दिवसापासून मोरीत कपडे धुवायला पडला होता, तो घासूनपुसून परत ओट्यापाशी आला होता.

भावाशी माझं बोलणं बंद होऊन काही वर्षं झाली. आई गेल्यावर खोली त्याच्या नावावर करायची होती आणि त्यासाठी माझी हक्क सोडल्याची सही लागत होती. मला वाटा नकोच होता. नवऱ्याने एवढंच म्हटलं, की कागद ठेवून जा, ओळखीच्या वकिलाच्या नजरेखालून घालतो आणि मग ती सही करेल. यात गैर काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. भावाला वाटलं, बहिणीने आपल्याला चोर ठरवलं. मी सही केली, तो कागद घेऊन गेला, आणि गरज सरो वैद्य मरो. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. मी फोन केले ते त्याने कापले. गणपतीत मोदकांचा डबा घेऊन मी स्वतः गेले, तर वहिनीने दार अर्धंच उघडलं. हे घरी नाहीत म्हणाली, डबा घेतला, आत या म्हणाली नाही. त्याच्या चपला दारातच होत्या.

आता चाळ पाडायची ठरली आहे. पाऊस सरला की सगळे संक्रमण शिबिरात जाणार. मला त्या खोलीत एकदा बसायचं होतं. पण खरं सांगायचं तर खोलीपेक्षा जास्त मला हे हवं होतं, की मला समोर बघून भावाने एकदा 'ताई' म्हणावं. बाकी काही बोलला नसता तरी चाललं असतं. नातेवाइकाला दारातून परत पाठवता येतं, तिकीट काढलेल्या माणसाला नाही येत. मुलीने तिच्या नावावर माझं बुकिंग केलं. नवऱ्याला मी सांगितलं नाही. तो एकतर हसला असता नाहीतर चिडला असता, आणि त्या दिवशी मला दोन्ही सोसलं नसतं.

लालबागच्या पुलाखाली जमायचं होतं. गाइड दादरची होती, चुणचुणीत पोरगी, खादीचा कुर्ता आणि कानाला लावलेला माइक. बंगळूरहून आलेलं एक जोडपं, दोन परदेशी मैत्रिणी आणि मी, एवढेच आम्ही. मला बघून ती म्हणाली, आंटी, इंग्लिश चालेल ना, अडलं तर मराठीत सांगेन. मी चालेल म्हटलं. कुठून आलात विचारल्यावर डोंबिवली म्हटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

एका गिरणीच्या जागी मॉल झालाय आणि चिमणी तेवढी शोभेला ठेवली आहे, तिथे तिने आम्हाला उभं केलं. इथल्या लोकांच्या कानात अजून भोंगा वाजतो, असं ती फार मनापासून सांगत होती. परदेशी मैत्रिणींचे डोळे पाणावले. माझे वडील त्या गिरणीत साच्यावर कापड विणायला होते. संपानंतर ते कुठल्याशा सोसायटीत वॉचमन झाले आणि घरी आल्यावर टोपी खुंटीला अडकवून भिंतीकडे तोंड करून झोपत. माझ्या कानात कसलाही भोंगा वाजत नाही. भोंगा बंद झाल्यावर आमच्याकडे जी भांडणं सुरू झाली ती मात्र मला शब्दन् शब्द आठवतात. हे सांगितलं असतं तर तिने टाळ्या वाजवायला लावल्या असत्या, म्हणून मी गप्प राहिले.

मग मसाल्याच्या गल्लीत आलो. मिरच्या भाजल्याचा खकाणा बसून बंगळूरचे गृहस्थ जे खोकायला लागले ते थांबेचनात. मसाला कुटणाऱ्या डंखाचा धाड धाड आवाज, तांबडी धूळ, पिशव्या धरून बसलेल्या बाया. माझी आई अशीच बसायची. सगळं घेऊन यायचं, भाजून घ्यायचं आणि आपलं कुटून होईपर्यंत डंखासमोरून हलायचं नाही. मलाही शेजारी बसवायची आणि म्हणायची, "लक्ष ठेव गो, नायतर दुसरीचो मसालो आपल्यात येतलो." गाइड म्हणाली, फोटोला हा उत्तम स्पॉट आहे. सगळ्यांनी फोटो काढले. मीही दोन काढून दिले.

चाळीच्या जिन्याशी तिने आम्हाला थांबवलं आणि ज्या घरी जायचं त्याची गोष्ट सांगायला घेतली. या घरातली म्हातारी म्हणजे मसाल्याची राणी होती. तिचं प्रमाण तिने कुणालाही सांगितलं नाही. पण तिला मुलगी नव्हती, म्हणून जाताना सुनेलाच मुलगी मानून तिने ते सगळं तिच्या हाती दिलं. परदेशी मैत्रीण म्हणाली, किती सुंदर. मी जिन्याचा कठडा धरून उभी होते. मला संताप आला. इतका आला, की तिथूनच मागे फिरावंसं वाटलं. सही करून खोली दिली होती. आईच्या पोटी जन्मल्याचं मी कुठे लिहून दिलं होतं? पण पाय वर चढत गेले. ते पाय त्या जिन्यावर लहानाचे मोठे झालेले, त्यांना माझा राग काय कळणार.

भाऊ गॅलरीत बाकड्यावर पेपर वाचत होता. केस पार पिकलेत त्याचे. त्याने मान वर केली, मला पाहिलं, नीट पाहिलं, आणि पेपर परत तोंडासमोर धरला. वहिनी दारात आली. माझ्यावर तिची नजर अडली आणि चेहरा उतरला. मग ती सगळ्यांना मिळून म्हणाली, या, या, चपला इथे काढा.

खोली तीच, फक्त रंग नवा. आई आणि बाबा भिंतीवर शेजारी शेजारी, हार घातलेले. मी हात जोडायला गेले तेवढ्यात गाइडने सांगितलं, की या भिंतीचे फोटो काढायला परवानगी आहे. माझे जोडलेले हात तसेच खाली आले.

काळ्या वाटाण्याचं सांबार, आंबोळ्या आणि सोलकढी, असा बेत होता. वहिनी मराठीत सांगायची आणि गाइड इंग्रजीत. नारळ कोण खवणार विचारल्यावर विळी माझ्यापुढे सरकवली गेली. आईचीच विळी. पाटावर बसून मी नारळ खवला तर परदेशी मैत्रिणींनी कौतुकाने व्हिडिओ काढला. गाइड वहिनीला म्हणाली, ताई, आता सासूबाईंची ती गोष्ट सांगा ना. वहिनीने वाटाण्यात डाव घातला आणि खाली बघतच म्हणाली, की मसाला सासूबाईंनी शिकवला. एवढंच. मुलगी नसल्याचा भाग गाइडने आठवणीने स्वतः जोडला. वहिनी डाव फिरवत राहिली.

आईच्या हयातीत हीच वहिनी नाकाने कांदे सोलायची. सासूबाईंच्या मसाल्याने मला जळजळतं म्हणायची आणि स्वतःपुरती पाकिटातली पूड घालून वेगळी आमटी करायची. म्हणून मी पानावर बसले ती वाटच बघत होते, की सांबार बिघडलेलं असेल. पहिला घास घेतला आणि ती आईची चव होती. अगदी तीच, शेवटी घशाशी लागणाऱ्या तिरफळासकट. मला इतक्या वर्षांत एकदाही साधलेली नाही ती. त्या घासाने मला जितकं दुखवलं तितकं त्या खोट्या गोष्टीनेही दुखवलं नव्हतं. मी मागून घेऊन जेवले. वहिनीने वाढलं, पण वर बघितलं नाही.

जेवणं झाल्यावर कार्यक्रमात ओटी होती. मला हे ठाऊक नव्हतं. बायकांना एकेक करून पाटावर बसवायचं, हळदकुंकू लावायचं आणि ओटीत तांदूळ, नारळ, खण घालायचा. जीन्स घालून आलेल्या त्या मैत्रिणींना कंपनीनेच ओढण्या पुरवल्या होत्या. माझी ओटी माहेरी शेवटची भरली ती आईने, आजारी असताना, उशीला टेकून बसून. त्यानंतर या घरात मला कुणी पाटावर बसवलं नव्हतं. माझा नंबर आला तेव्हा मी पदर पुढे धरला. वहिनीने लावलेलं कुंकू थोडं नाकावर सांडलं. तिने ओंजळीने तांदूळ घातले.

आणि मी नकळत, आईसमोर करायची तसं केलं. ओटीतले चार दाणे उचलले आणि वहिनीच्या ताटात परत टाकले. आमच्यात तशी रीत आहे. लेक भरलेली ओटी घेऊन निघते तेव्हा चार दाणे माहेरी ठेवते, माहेर भरलेलं राहावं म्हणून. पाहुणीने असं करायचं नसतं. वहिनी त्या दाण्यांकडे बघत राहिली. दारात भाऊ येऊन उभा होता, त्यानेही पाहिलं.

गाइडच्या नजरेतून काही सुटत नाही. तिने लगेच वहिनीला विचारलं, "ताई, हे काय केलं आंटींनी? हे आपण का नाही दाखवत?"

वहिनी ताटातले दाणे बोटाने एका बाजूला सारत म्हणाली, "ते सगळ्यांनी नाही करायचं. घरच्या मुलीने करायचं असतं ते."

मी भावाकडे बघितलं. आता 'ताई' म्हणेल, असं मला वाटलं. वाटलं कसलं, मी देवाकडे मागितलं. गाइडला हसू आलं. म्हणाली, "पण या घरात मुलगीच नाही ना. मग पुढच्या रविवारपासून सगळ्यांकडून करून घेऊ, छान वाटतं." वहिनीने ताट उचललं आणि ती ओट्याकडे वळली.

मग ग्रुप फोटोसाठी सगळे गॅलरीत आले. गाइडने आपला फोन भावाकडे दिला. दर वेळी तोच काढतो म्हणे. नारळ धरून आम्ही रांगेत उभे राहिलो. त्याने फोन डोळ्यांसमोर धरला, थोडा मागे सरला, आणि त्याला मी दिसत असणारच.

"मॅडम, जरा आत सरका," तो मला म्हणाला. "फोटोत येत नाही तुम्ही."

मी सरकले. त्याने दोन फोटो काढले, फोन गाइडला दिला आणि पेपर घेऊन आत गेला. जिना उतरताना परदेशी मैत्रिणीने मला विचारलं, की या नारळाचं घरी काय करायचं असतं. मी सांगितलं, फोडून गोड काहीतरी करायचं.

घरी आल्यावर मी नारळ ओट्यावर ठेवला. नवऱ्याने तो उचलून कानाशी हलवला, पाणी भरपूर आहे म्हणाला, आणि कुठून आणलास विचारलं.

विकत घेतला, मी म्हटलं.